मूलपेशींचे स्राव आणि व्रण: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाला भाजल्याचा व्रण आहे, कुणाचं तोंड गुटख्याने आखडलंय, कुणाचा दम करोनापासून परत आलेला नाही. तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी लातूर, बीड, नांदेड, परभणीकडून येणारे निरोप हल्ली एकाच ठिकाणी येऊन थांबतात: ते स्टेम सेलचं, म्हणजे मूलपेशींच्या स्रावाचं, नवीन इंजेक्शन घ्यावं का? तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुणी पैसे भरायला निघालंच असेल तर आधी प्रश्न ८ वाचावा, बाकीचं सावकाश.

१. स्टेम सेलचे स्राव म्हणजे काय? त्यात पेशी असतात का?

जिवंत पेशी नसतात. अस्थिमज्जा, पोटाची चरबी किंवा बाळाची नाळ यांतून मेसेन्कायमल जातीच्या मूलपेशी वेगळ्या काढतात आणि प्रयोगशाळेत पोषक द्रवात वाढवतात. या पेशी त्या द्रवात बरंच काही सोडतात: वाढीचे घटक, दाह शमवणारी प्रथिनं आणि एक्झोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या. या पिशव्या साधारण ३० ते १५० नॅनोमीटरच्या असतात, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून दिसतही नाहीत, आणि त्यांच्या पोटात प्रथिनं व आरएनए असतं. एक ते तीन दिवसांनी पेशी बाजूला करून द्रव गाळून घेतात. त्या सगळ्या ऐवजाला सिक्रीटोम म्हणतात. नुसत्या पिशव्या वेगळ्या केल्या की त्या एक्झोसोम. जाहिरातींत हा फरक कुणी पाळत नाही.

२. खरी ताकद पेशीत असेल ना? मग पेशी टाकून पाणी कशाला ठेवायचं?

सुरुवातीला शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. पेशी टोचली की ती जाऊन नवीन हृदय, नवीन त्वचा बनेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात शिरेतून सोडलेल्या बहुतेक पेशी फुफ्फुसात अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात. तरीही फायदा दिसायचा. २००९ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासात हे कोडं बरंचसं सुटलं: फुफ्फुसात अडकलेल्या पेशी टीएसजी-६ नावाचं प्रथिन सोडत होत्या आणि त्याचा उपयोग दूरच्या हृदयाला होत होता. १९९१ मध्ये ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ करणाऱ्या आर्नल्ड कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये ते नाव बदला, या पेशी संदेश पाठवण्याचं काम करतात, असं लिहिलं.

संदेशच कामाचा असेल तर पेशी टोचायची गरज कमी होते. स्रावात पेशी नसल्याने त्या शरीरात नको तिथे वाढण्याची भीती नाही, दात्याशी जुळवाजुळव फारशी लागत नाही, आणि तो गोठवून किंवा सुकवून साठवता येतो.

३. व्रण पडतो तरी कसा, आणि हे स्राव तिथे जाऊन काय करतात?

जखम झाली की शरीराला ती लवकर बंद करायची घाई असते. टीजीएफ-बीटा नावाच्या प्रथिनाचा हुकूम सुटतो, त्वचेतल्या साध्या फायब्रोब्लास्ट पेशी मायोफायब्रोब्लास्ट बनतात, कोलॅजेनचे तंतू ओततात आणि जखमेच्या कडा ओढून धरतात. काम संपलं की या पेशींनी मरून जायला हवं. काही वेळा त्या मरत नाहीत. पूर ओसरून महिना झाला तरी मजूर बांधावर माती टाकतच राहावेत, तसं होतं. त्वचेत झालं तर जाड, ओढणारा व्रण. यकृतात, फुफ्फुसात किंवा गालाच्या आत झालं तर फायब्रोसिस. जागा बदलते, यंत्रणा बरीचशी तीच.

स्रावांतले काही घटक, उदाहरणार्थ एचजीएफ नावाचा वाढीचा घटक, टीजीएफ-बीटाच्या विरोधात काम करतात. दाह वाढवणाऱ्या मॅक्रोफेज नावाच्या संरक्षक पेशींना ते दुरुस्तीच्या कामाकडे वळवतात, मायोफायब्रोब्लास्टची संख्या कमी ठेवतात आणि जास्तीचं कोलॅजेन तोडणाऱ्या विकरांना मदत करतात. प्रयोगशाळेत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

व्रणाशिवाय जखम भरणं अशक्य नाही, हेही इथेच सांगून ठेवतो. गर्भातल्या बाळाची त्वचा साधारण २४ आठवड्यांपर्यंत डाग न ठेवता भरून येते. या क्षेत्रातल्या लोकांची आशा तिथूनच येते.

४. माझा व्रण वीस वर्षांचा आहे. तो पुसला जाईल का?

नाही. वर सांगितलेलं सगळं काम व्रण बनत असतानाचं आहे. त्वचेचा व्रण साधारण वर्ष-दीड वर्ष बदलत असतो. लाल, खाजरा, फुगलेला असतो, मग फिकट आणि मऊ होतो. हस्तक्षेपाला वाव तेवढ्या काळात जास्त. पिकलेल्या जुन्या व्रणात गरज पडली तर लेझर किंवा शस्त्रक्रिया करतात. आणि नुसता डाग असेल, ओढत नसेल, तर काहीच न करणं हाही शहाणपणाचाच निर्णय असतो.

५. माणसांवर सिद्ध झालंय का? पेपरात तर ‘क्रांती’ असं छापून आलं होतं.

छापून येणारी क्रांती बहुतेक वेळा उंदरावर झालेली असते. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो आकुंचन पावून ती ओढून बंद करतो. आपल्याकडे तशी सोय जवळजवळ नाही. त्यामुळे उंदरात व्रण कमी झाला म्हणजे आपल्यात होईलच असं नाही. सशाच्या कानावर आपल्यासारखा जाड व्रण येतो, म्हणून तिथले निष्कर्ष थोडे जास्त वजनाचे.

माणसांवरचं एक बरं उदाहरण दक्षिण कोरियाचं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुरुमांचे खड्डे असलेल्या २५ जणांच्या पूर्ण चेहऱ्यावर लेझर केलं, मग एका बाजूला चरबीच्या मूलपेशींचं एक्झोसोम जेल आणि दुसऱ्या बाजूला साधं जेल लावलं. १२ आठवड्यांत एक्झोसोमच्या बाजूला सुमारे ३२ टक्के सुधारणा दिसली, दुसऱ्या बाजूला सुमारे २० टक्के. फरक खरा आहे. पण रुग्ण मोजके, खड्डे मुरुमांचे, आणि निम्म्याहून जास्त श्रेय लेझरचंच. भाजल्याच्या जाड व्रणाला किंवा गुटख्याच्या तोंडाला हा आकडा लावता येत नाही.

६. भारतात याला परवानगी आहे का?

व्रणासाठी मूलपेशींचा स्राव किंवा एक्झोसोम, असं कोणतंही मंजूर औषध आपल्याकडे नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार मूलपेशींचा रूढ उपचार म्हणजे रक्ताच्या काही आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण. बाकी सगळं नोंदणीकृत चाचणीतच करायचं. २०१९ च्या नवीन औषध व वैद्यकीय चाचणी नियमांत मूलपेशींपासून बनवलेलं उत्पादन ‘नवीन औषध’ या व्याख्येत येतं, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी हवी. बेंगळुरूच्या एका कंपनीच्या अस्थिमज्जा पेशींच्या औषधाला पायातला रक्तपुरवठा बंद पडण्याच्या आजारासाठी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी अशी मंजुरी मिळालेली आहे. पण त्यात जिवंत पेशी असतात, आणि व्रणाशी त्याचा संबंध नाही.

७. माझीच चरबी काढून मलाच देणार आहेत. मग परवानगी कशाला पाहिजे?

हा युक्तिवाद पुण्या-मुंबईच्या क्लिनिकांतून निघून आता आपल्याकडेही पोचलाय. चरबी काढली, धुतली आणि त्याच बैठकीत परत टोचली, तर तो एक प्रकार. चरबीतून पेशी वेगळ्या काढून, दिवसेंदिवस वाढवून, त्यांचा द्रव जमा केला तर ती औषधनिर्मिती झाली. प्रत्येक टप्प्यावर जंतू शिरू शकतात आणि प्रत्येक खेपेचा माल वेगळा निघू शकतो. माल तुमचा असला तरी कारखाना त्यांचा आहे.

८. क्लिनिकवाले सहा इंजेक्शनांचं पॅकेज सांगायलेत, आज पैसे भरले तर सवलत म्हणायलेत. घ्यावं का?

घेऊ नका. सवलतीची मुदत संध्याकाळपर्यंत असेल तर त्याहूनही घेऊ नका.

तरी मन मानत नसेल तर चार गोष्टी लेखी मागा. बाटलीवरचं उत्पादकाचं नाव आणि बॅच नंबर. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मंजुरीचं पत्र. ‘कॉस्मेटिक’ म्हणून आयात केलेली वस्तू सुईने आत घालायला चालत नाही, ती वरून लावण्यापुरतीच असते. चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक. आणि काही बिघडलं तर उपचार कोण करणार, त्याचं नाव. यातलं काही द्यायला टाळाटाळ झाली की उठून या.

भीती उगीच घालत नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात एक्झोसोमची उत्पादनं घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला. आपल्याकडे असं काही घडलं तर ते कुठे नोंदवायचं, हे प्रश्न १९ मध्ये आहे.

९. पीआरपी आणि हे एकच का? आणि ‘स्टेम सेल क्रीम’?

पीआरपी म्हणजे तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचा गाढा भाग. त्यात मूलपेशी नसतात. ‘सफरचंदाच्या स्टेम सेल’वाल्या क्रीमचा या विषयाशी काडीचा संबंध नाही. गुलाबाचे एक्झोसोम, सॅमन माशाचं डीएनए हेही त्याच रांगेतले.

१०. गुटख्याने तोंड उघडंना. दोन बोटंही आत जाईनात. या इंजेक्शनाने मोकळं होईल का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि विचारणारे बहुतेक पंचविशीतले. ज्याला दंतवैद्य ओरल सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात तो आजार सुपारीचा आहे. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आतल्या पेशी कोलॅजेन साठवत राहतात, आणि सुपारीतल्या तांब्यामुळे ते तंतू एकमेकांत जास्त घट्ट गुंततात. आधी तिखट झोंबतं, ठेचा ताटातून जातो, मग गाल आतून पांढरट आणि कडक होतात. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. पुडी कुठे मिळते ते तुम्हालाही माहीत आहे आणि आम्हालाही. ‘मी गुटखा सोडला, आता नुसती सुपारी खातो’ असं सांगणाऱ्याने काहीच सोडलेलं नसतं.

आता इंजेक्शनाचं. फायब्रोसिस आहे म्हणजे स्राव उपयोगी पडायला हवेत, हा तर्क वरवर बरोबर वाटतो. पण हा आजार कर्करोगपूर्व आहे. ज्या अस्तरात कर्करोगाची सुरुवात झालेली असू शकते तिथे वाढीचे घटक आणि नवीन रक्तवाहिन्या फुटण्याचे संदेश सोडायचे का? मूलपेशींचे स्राव काही प्रयोगांत गाठींची वाढ रोखतात, काहींत वाढवतात. दुसरी गोष्ट साधी: रोज दहा पुड्या चालू असतील तर जगातलं कोणतंही इंजेक्शन त्यांच्या पुढे पळू शकत नाही.

मग करायचं काय? आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते आरशासमोर पाहा. जात नसतील तर या आठवड्यात दंत महाविद्यालयात जा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय आहे, लातूरलाही दंत महाविद्यालय आहे. सुपारी पूर्ण बंद करा. गालात स्टेरॉइड आणि हायलुरोनिडेजची इंजेक्शनं देतात, त्याबरोबर जबड्याचे व्यायाम असतात: आइसक्रीमच्या लाकडी काड्या दातांत धरून हळूहळू एकेक वाढवत न्यायची. व्यायाम कंटाळवाणा आहे, आणि तो न केल्यानेच बहुतेकांचं तोंड पुन्हा बंद होतं, शस्त्रक्रिया झालेल्यांचंसुद्धा. फार आखडलेल्यांत तंतू कापून तिथे गालातली चरबी किंवा शेजारची त्वचा बसवतात. पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर तुकडा तपासून घ्यायला नाही म्हणू नका.

११. लेकराच्या हातावर उकळता चहा सांडला. व्रण राहू नये म्हणून स्टेम सेल मिळेल का?

मिळणार नाही, पण आज तुमच्या हातात बरंच काही आहे. भाजल्याबरोबर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरायचा. उन्हाळ्यात नळाला पाणी नसेल तर स्वच्छ पाण्यात भिजवलेला कपडा ठेवत आणि बदलत राहा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यातलं काही नको.

जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर जाड व्रण येण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून दोन आठवड्यांत भरायची लक्षणं नसतील तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जे जवळ असेल तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. वेळेवर त्वचारोपण केलं तर पुढचा व्रणच कमी पडतो. जखम भरल्यावर सिलिकॉन शीट किंवा जेल, दिवसाचे बारा तास किंवा जास्त, निदान दोन-तीन महिने. मोठ्या व्रणाला दाब देणारे घट्ट कपडे, जवळजवळ दिवसभर, कित्येक महिने. परभणीच्या मे महिन्यात हे सांगताना आम्हालाही ओशाळल्यासारखं होतं. दोन जोड शिवून घ्या, एक धुवा, एक घाला, आणि फारच घाम आला तर तासभर काढा, पण सोडून देऊ नका.

सांध्यावर भाजलं असेल तर फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून हवी. बोटं आखडली, मान छातीला चिकटली, तर ती शस्त्रक्रियेने मोकळी करतात. भाजलेल्यांवरचे उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहेत. तुमच्या लेकराला कोणतं पॅकेज लागू होतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

१२. कान टोचल्यावर गाठ आली, कापली तर दुप्पट झाली. हे काय?

केलॉइड. साधा जाड व्रण जखमेच्या हद्दीत राहतो, केलॉइड हद्द ओलांडून निरोगी त्वचेत पसरतो. नुसतं कापलं की परत येतो, तेच झालंय. गाठीत दर चार ते सहा आठवड्यांनी ट्रायअमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, पुन्हा कापायचं असेल तर कापण्याबरोबर दुसरा उपचार जोडावाच लागतो. स्रावांचं उत्तर प्रश्न ५ मधलंच. आणि दुसरा कान टोचू नका, गोंदणही नको.

१३. करोनानंतर फुफ्फुसात ‘फायब्रोसिस’ लिहून आलंय. वडिलांच्या लिव्हरचंही तसंच म्हणायलेत.

करोनानंतरचे बरेचसे डाग काळाबरोबर कमी झालेले आहेत, त्यामुळे जुन्या सीटीवर घाबरू नका, दम लागतोय का ते पाहा. टीबीनंतर राहिलेला डाग मात्र बहुधा तसाच राहतो. आपोआप वाढत जाणाऱ्या फुफ्फुसाच्या फायब्रोसिससाठी पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही दोन औषधं वापरात आहेत. ती वेग कमी करतात, झालेलं नुकसान उलटवत नाहीत.

यकृताचं वेगळं आहे. कारण काढलं तर यकृतातला व्रण काही प्रमाणात विरघळतो. हिपॅटायटिस बी किंवा सीचा विषाणू औषधाने आवरला, दारू थांबली, वजन उतरलं, की हे दिसतं. वडिलांची दारू सुटली तर त्यांच्या यकृतासाठी सध्या तेवढं मोठं औषध दुसरं नाही. पोटात पाणी झालं असेल तर पोटविकारतज्ज्ञांना दाखवाच.

१४. तंबाखूच्या चुन्याची ट्यूब पोराच्या डोळ्यात फुटली. बुबुळ पांढरं झालं. इथे तरी स्टेम सेल चालतात का?

इथे चालतात, पण स्राव नव्हे, जिवंत पेशी. बुबुळाच्या कडेला ते पारदर्शक ठेवणाऱ्या मूलपेशी असतात, चुना त्यांना जाळतो. दुसरा डोळा चांगला असेल तर तिथला लहानसा तुकडा घेऊन जळलेल्या डोळ्यावर रुजवतात. ही सोपी केलेली पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतून २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. नांदेड-लातूरकरांना हैदराबाद लांब नाही. मात्र अपघात आत्ताच झाला असेल तर हे वाचू नका: अर्धा तास डोळा पाण्याने धुवा, पापण्यांखालचे चुन्याचे कण काढा आणि लगेच डोळ्यांच्या दवाखान्यात न्या. ट्यूब खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात ठेवणाऱ्या आजोबांनाही हे वाचून दाखवा.

१५. पिशवी साफ केल्यापासून पाळी अगदी कमी येते. आतून चिकटलं म्हणतात.

गर्भाशयाच्या आत व्रण पडून भिंती चिकटतात, तसं असू शकतं. दुर्बिणीने चिकटलेला भाग सोडवणं हा आजचा उपचार. मूलपेशींवर इथे संशोधन चालू आहे, इलाज म्हणून विकत घेण्यासारखं काही नाही.

१६. बाळंतपण जवळ आलंय. नाळेतलं रक्त बँकेत ठेवलं तर पुढे कामाला येईल का?

व्रणासाठी नाही. स्राव बनवायला दात्याच्या पेशी चालतात, स्वतःच्याच लागत नाहीत. खाजगी बँकेत पैसे भरून रक्त साठवण्याची शिफारस भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदही करत नाही.

१७. मला चाचणीत भाग घ्यायचाय. कसं कळेल की ती खरी आहे?

सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नाव शोधा. ती सर्वांना खुली आणि मोफत आहे. क्रमांकात नोंदणीचं वर्ष आणि महिना असतो. खऱ्या चाचणीत औषधाचे पैसे घेत नाहीत, तुम्हाला समजेल त्या भाषेतलं संमतीपत्र देतात, इजा झाली तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी घेतात आणि कधीही बाहेर पडू देतात. तुमच्या वाट्याला औषधाऐवजी साधं द्रावणही येऊ शकतं, हे तुम्हाला आधीच सांगायला हवं. पैसे घेऊन ‘चाचणी’ करणारे असतील तर प्रश्न ८ कडे परत जा.

१८. पूर्वी कॅन्सर होऊन गेलाय, आता गाठ नाही. व्रणावर हे लावलं तर?

चाचणीबाहेर तर नकोच, चाचणीवालेही तुम्हाला बहुधा घेणार नाहीत. कारण प्रश्न १० मध्ये दिलंय. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही हेच लागू.

१९. उशिरा वाचलं. दोन इंजेक्शनं घेऊन झाली. आता?

तिसरं घेऊ नका. बाटली, खोका, पावती, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, जे आहे ते जपून ठेवा आणि बॅच नंबरचा फोटो काढा. ताप, थंडी, टोचल्या जागी वाढती लाली किंवा पू, अंगावर गांधी, श्वासाला त्रास, यातलं काही झालं तर लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि काय टोचलंय ते लपवू नका. ‘सलाईन लावलं होतं’ असं सांगितलं तर डॉक्टर भलत्याच दिशेला शोधत बसतील. त्रास झालाच तर औषधांच्या दुष्परिणामांसाठीच्या १८००-१८०-३०२४ या सरकारी मोफत क्रमांकावर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. तोंडात घेतलं असेल तर काही होत नसलं तरी दंतवैद्याला सांगून ठेवा आणि तपासणीच्या तारखा चुकवू नका.